कंपनी कॅलिफोर्नियातून टेक्सासला न्यावी का? टॅक्स, माणसं आणि कागदपत्रं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नवरा-बायको मिळून बे एरियातल्या फ्रीमाँटला आयटी सर्व्हिसेसची कंपनी चालवताय, एस-कॉर्प आहे, म्हणजे जिचा नफा थेट मालकांच्या रिटर्नवर येतो तशी कंपनी, २२ माणसं, त्यातली ७ एच-वन-बी या वर्क व्हिसावर, वर्षाची उलाढाल ४० लाख डॉलर, दोघांचा मिळून पगार दीड लाख आणि वर प्रॉफिट सहा लाख. मंडळाच्या गणपतीत कोणीतरी सांगितलं की टेक्सासला इन्कम टॅक्स शून्य आहे, डॅलसजवळच्या फ्रिस्कोत एक ऑफिस घ्या, हेडक्वार्टर हलवा, झालं. आता तुम्हाला हवंय की नक्की किती वाचेल आणि कधी करावं. मी वीस वर्षांच्या वर अशाच छोट्या-मध्यम कंपन्यांचे टॅक्स बघतेय, आधी बे एरियात आणि आता डॅलसकडे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, कारण यात घाईने केलेल्या चुका निस्तरायला दोन-दोन तीन-तीन वर्षं जातात.

पहिली गोष्ट, आपल्या लोकांना हा विषय मुळात नवीन असतो. आपल्याकडे इन्कम टॅक्स केंद्राचा, पुण्यातून ऑफिस उचलून बंगळुरूला नेलं तरी तो तोच राहतो, राज्यागणिक फरक पडतो तो व्यवसाय कर वगैरे किरकोळ गोष्टींचा. अमेरिकेत केंद्राच्या वर राज्याचा वेगळा इन्कम टॅक्स असतो आणि प्रत्येक राज्य आपला हिस्सा आपल्या नियमाने मोजतं. त्यामुळे "हेडक्वार्टर हलवलं" या एका वाक्यात खरं तर तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्या प्रत्येकीचा टॅक्सवर वेगळा परिणाम होतो, काहींचा तर शून्य.

कंपनीचा जन्मदाखला एका राज्यात असतो, म्हणजे ती कुठे इनकॉर्पोरेट झाली ते. ऑफिसची पाटी दुसऱ्या राज्यात असू शकते. गिऱ्हाईकं तिसरीकडे, आणि मालक झोपतो चौथीकडे. टेस्लाचंच बघा, २०२१ मध्ये हेडक्वार्टर पालो आल्टोहून ऑस्टिनला गेलं पण जन्मदाखला डेलावेअरचाच होता, तो बदलला जून २०२४ मध्ये शेअरहोल्डरांच्या मतदानानंतर, आणि त्यामागे टॅक्स नव्हता, डेलावेअरच्या कोर्टाने जानेवारीत इलॉन मस्क यांचं पगाराचं पॅकेज रद्द केलं होतं म्हणून ते झालं. फ्रीमाँटचा कारखाना या सगळ्यात जिथल्या तिथे चालूच, आणि २०२३ मध्ये तर इंजिनिअरिंगचं हेडक्वार्टर परत पालो आल्टोला केलं. बातमीत आपण "टेस्ला कॅलिफोर्निया सोडून गेली" एवढंच वाचतो.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. कॅलिफोर्निया २०१३ पासून बहुतेक सगळ्या कंपन्यांचं उत्पन्न फक्त विक्रीच्या प्रमाणात वाटते. त्याआधी मालमत्ता किती, पगार किती आणि विक्री किती अशा तिन्ही गोष्टी धरायचे, तेव्हा ऑफिस आणि माणसं बाहेर नेली की कॅलिफोर्नियाचा हिस्सा खरोखर कमी व्हायचा. २०१२ च्या मतदानात प्रपोझिशन ३९ पास झालं आणि ते गणित संपलं. आता बघतात फक्त एवढंच की एकूण विक्रीतली कॅलिफोर्नियातली किती, आणि सर्व्हिस असेल तर गिऱ्हाईकाला तिचा फायदा कुठे मिळाला. म्हणजे सॅन होजेच्या क्लायंटचं काम तुम्ही फ्रिस्कोत बसून केलं काय, फ्रीमाँटला बसून केलं काय किंवा नागपूरच्या टीमकडून करून घेतलं काय, ती विक्री कॅलिफोर्नियाचीच. आणि ऑफिस नाही म्हणून सुटका होत नाही, २०२४ साली कॅलिफोर्नियातली विक्री ७,३५,०१९ डॉलरच्या वर गेली की तुम्ही तिथे धंदा करताय असंच धरलं गेलं, हा आकडा दरवर्षी थोडा वाढतो. तुमची कॅलिफोर्नियातली विक्री याच्या तिप्पट आहे.

म्हणून कंपनीने पाटी हलवली तर कंपनीच्या लेव्हलला जवळजवळ काहीच वाचत नाही. वाचतं ते मालक हलतो तेव्हा. हे मी प्रत्येक क्लायंटला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगते, कारण बहुतेक जण बरोबर उलटं करायच्या तयारीने आलेले असतात, ऑफिस फ्रिस्कोला आणि घर फ्रीमाँटलाच.

का ते सांगते. एस-कॉर्पचं प्रॉफिट तुमच्या वैयक्तिक रिटर्नवर येतं. तुम्ही कॅलिफोर्नियाचे रहिवासी आहात तोवर राज्य तुमच्या जगभरच्या उत्पन्नावर टॅक्स लावतं, विक्री ओहायोत झाली का टेक्सासात याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. दुसऱ्या राज्यात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं, पण टेक्सासात काही भरलंच नाही तर क्रेडिट कशाचं मिळणार. तुम्ही खरोखर राहायला गेलात, नॉन-रेसिडेंट झालात, की मग फक्त कॅलिफोर्नियातल्या विक्रीच्या प्रमाणातलं प्रॉफिट तिथे टॅक्सेबल राहतं आणि बाकीचं सुटतं.

तुम्ही लिहिलंय की ६० टक्के धंदा कॅलिफोर्नियाचा, १५ टेक्सासचा, बाकी इतर राज्यांचा. तर साडेसात लाखावर आज तुमचा कॅलिफोर्निया टॅक्स सरासरी ८.४ टक्क्यांच्या आसपास म्हणजे साधारण ६३ हजार पडत असणार. दोघं टेक्सासला गेलात तर सहा लाखातले ६० टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार, कॅलिफोर्नियात राहतात, आणि त्यांच्यावरचा रेट तुमच्या एकूण उत्पन्नावरून ठरतो, नुसत्या ३ लाख ६० हजारावरून नाही, हे फार जणांना माहीत नसतं. म्हणजे ३० हजार दोनशेच्या आसपास टॅक्स चालूच. उरलेलं २ लाख ४० हजार प्रॉफिट आणि दीड लाख पगार सुटतो, त्याचे वाचतात साधारण ३२ हजार सातशे. पगार सुटतो तो पण तुम्ही काम प्रत्यक्ष टेक्सासात बसून केलं तर, महिन्यातले दहा दिवस क्लायंटकडे बे एरियात असाल तर तेवढ्या दिवसांचा पगार कॅलिफोर्नियाचाच.

यातूनही वजावट आहे. तुम्ही आत्ता कंपनीमार्फत ९.३ टक्के भरायचं इलेक्शन, म्हणजे मालकांचा राज्याचा टॅक्स कंपनीनेच भरायचा पर्याय, घेत असाल, आणि घेत नसाल तर तो वेगळाच विषय आहे, आजच तुमच्या सीपीएला, म्हणजे अकाउंटंटला, फोन करा, तर तो टॅक्स फेडरलमध्ये वजा होतो. राज्याचा टॅक्स कमी झाला की ती वजावटही कमी होते, ३५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये प्रॉफिटवरच्या वीस हजारातले सात हजार फेडरलकडे परत जातात. हातात राहतात २५-२६ हजार.

मग टेक्सासचा खर्च. "टेक्सासला टॅक्स नाही" हे वैयक्तिक इन्कम टॅक्सपुरतं शंभर टक्के खरं, २०१९ मध्ये मतदान होऊन राज्यघटनेतच तशी बंदी आलीये. पण कंपनीला फ्रँचाइज टॅक्स आहे आणि तो प्रॉफिटवर नाही, मार्जिनवर आहे, म्हणजे विक्रीतून ठरावीकच खर्च वजा करून जे उरतं त्यावर, त्यामुळे तोट्यातल्या कंपनीलाही लागू शकतो. २०२४ आणि २०२५ च्या रिपोर्टला एकूण रेव्हेन्यू २४ लाख ७० हजारांच्या आत असेल तर काही नव्हतं, तुम्ही त्याच्या वर आहात. तुमच्या साइजला सोपी पद्धत घेता येते, टेक्सासच्या विक्रीवर ०.३३१ टक्के, १५ टक्के म्हणजे सहा लाखावर १,९८६ डॉलर. हे काही फार नाही. मात्र क्लायंटचा डेटा होस्ट करणं, प्रोसेस करणं असलं काही करत असाल तर टेक्सासात डेटा प्रोसेसिंग सर्व्हिसवर सेल्स टॅक्स आहे, बिलाच्या ८० टक्के रकमेवर ८.२५ पर्यंत. कॅलिफोर्नियात हे नाही, त्यामुळे तिथून येणाऱ्यांच्या डोक्यातच नसतं, बिलात लावत नाहीत आणि तीन वर्षांनी ऑडिटमध्ये स्वतःच्या खिशातून भरतात. बाहेरून विकणाऱ्याला टेक्सासात पाच लाखांची सूट-मर्यादा आहे, तुमची सहा लाखांची विक्री तशीही तिच्या वर आहे, आणि फ्रिस्कोत ऑफिस उघडलं की तर पहिल्या डॉलरपासून लागू.

आणि घर. तुमचं फ्रीमाँटचं घर २०१० चं, प्रपोझिशन १३ मुळे १९७८ पासून तिथे असेस्ड किंमत, म्हणजे टॅक्ससाठी धरलेली किंमत, वर्षाला २ टक्क्यांच्या वर वाढत नाही, त्यामुळे तुम्ही आजच्या किमतीच्या मानाने फार कमी प्रॉपर्टी टॅक्स भरताय. ते घर विकलं की हा फायदा कायमचा गेला. फ्रिस्को-प्लेनोकडे सगळे मिळून दीड ते दोन टक्के पकडा, नव्या वसाहतीत एमयूडी, म्हणजे पाणी-गटारासाठी वेगळा टॅक्स लावणारी संस्था, असेल तर त्याहून जास्त, होमस्टेडची म्हणजे स्वतः राहत्या घराची सूट मिळते, वाढीवर वर्षाला १० टक्क्यांची मर्यादाही आहे, पण दर मे महिन्यात घराची किंमत ठरवणाऱ्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे प्रोटेस्ट करायला जाणं हा तिथल्या प्रत्येक घराचा कार्यक्रम असतो. नऊ लाखांच्या घरावर तुमच्या आत्ताच्या बिलापेक्षा वर्षाला पाच-सहा हजार जास्त जातील असं धरा. सगळं वजा जाता १७ ते १९ हजार डॉलर राहतात. वाईट नाहीत, पण गणपतीत ऐकलेल्या ६३ हजारांपेक्षा बरेच कमी आहेत, आणि ते तेव्हाच जेव्हा तुम्ही खरे राहायला जाल.

"खरे" या शब्दावर जरा थांबते. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, ते फ्रिस्कोला गेले, लायसन्स काढलं, अपार्टमेंट घेतलं, मतदार झाले, सगळं नीट. बायको आणि मुलगी मात्र बे एरियातच, मुलीची बारावी होती, दोन वर्षांचा तर प्रश्न म्हणून. दोन वर्षांनी कॅलिफोर्नियाच्या टॅक्स खात्याचं पत्र आलं. त्यांनी विचारलं कुटुंब कुठे, कायमचं घर कुठे, डॉक्टर कुठला, क्रेडिट कार्ड शनिवार-रविवारी कुठे वापरलं गेलं. समजा ते स्वतः नॉन-रेसिडेंट ठरले असते तरी पुढचा खड्डा होताच, टेक्सास कम्युनिटी प्रॉपर्टीचं राज्य आहे, तिथे नवऱ्याने कमावलेलं निम्मं बायकोचं, आणि बायको कॅलिफोर्नियाची रहिवासी म्हणजे तिचं निम्मं उत्पन्न कॅलिफोर्नियात टॅक्सेबल. त्यांना हे कोणी आधी सांगितलंच नव्हतं. व्याज आणि दंड धरून आलेला आकडा बघून तो माणूस माझ्यासमोर गप्प बसून राहिला, ते मला अजून आठवतं. तुमचा मुलगा अकरावीत आहे असं तुम्ही लिहिलंय म्हणून हे मुद्दाम सांगतेय. त्याची बारावी होईपर्यंत थांबा, किंवा सगळे एकत्र जा, मधला मार्ग काढू नका.

तीन वर्षांनी कंपनी विकायचा विचार आहे म्हणता. त्यातही गैरसमज असतो की टेक्सासला जाऊन विकली की कॅलिफोर्निया सुटलं. एस-कॉर्पने स्वतःचा धंदा, गुडविल (म्हणजे नावाची आणि गिऱ्हाईकांची किंमत) विकलं तर ते उत्पन्नसुद्धा विक्रीच्या प्रमाणात कॅलिफोर्नियाचं, शेअरहोल्डर कुठेही राहोत, असा २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाचा निकाल आहे. शेअर्स विकणं आणि असेट्स विकणं यात इथे मोठा फरक पडतो, त्यामुळे विकायचं असेल तर जायच्या आधी वकिलाबरोबर बसा.

आणि एक कळकळीची विनंती, जुनी कंपनी बंद करून टेक्सासात नवीन उघडू आणि क्लायंटची कॉन्ट्रॅक्ट्स तिकडे वळवू, असं करू नका. ऑनलाइन दोनशे-तीनशे डॉलरमध्ये होतं म्हणून लोक करतात. त्यात जुन्या कंपनीने आपली मालमत्ता, गुडविलसकट, मालकांना बाजारभावाने वाटली असं धरलं जाऊ शकतं आणि एक पैसा हातात न येता टॅक्स बसतो. शिवाय जन्मदाखला कॅलिफोर्नियाचा असला तरी तुम्ही टेक्सासात रजिस्टर होऊन काम करू शकता, बदलायची सक्ती नाही. बदलायचाच असेल तर कन्व्हर्जन किंवा मर्जरने, नीट कागद करून.

रेग्युलेशनचं म्हणाल तर फरक खरा आहे आणि मी तो कमी लेखणार नाही. कॅलिफोर्नियात दिवसाला आठ तासांच्या वर ओव्हरटाइम, उरलेली रजा नोकरी सोडताना पैशात द्यायची, घरून काम करणाऱ्याच्या फोन-इंटरनेटचा खर्च द्यायचा, आणि पगाराच्या स्लिपमधल्या बारीक चुकीवरून कर्मचारी राज्याच्या वतीने दावा लावू शकतो तो पागा कायदा. मी चाळीस माणसांच्या कंपनीला जेवणाच्या सुट्टीच्या नोंदी नव्हत्या म्हणून मोठी सेटलमेंट द्यावी लागलेली बघितलीये. टेक्सासात यातलं बरंच नाही, खासगी कंपनीला वर्कर्स कॉम्प, म्हणजे कामावरच्या दुखापतीचा विमासुद्धा कायद्याने सक्तीचा नाही, आणि नॉन-कॉम्पीट करार (नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे काम न करण्याचा), जो कॅलिफोर्नियात चालतच नाही, तो तिथे वाजवी असेल तर टिकतो. पण हा कायदा लागू होतो माणूस जिथे बसून काम करतो तिथला. तुमचे २२ पैकी १४ जण बे एरियातच राहणार म्हणताय, मग त्या १४ जणांना कॅलिफोर्नियाचा कायदा, कॅलिफोर्नियाचं पेरोल सगळं जसंच्या तसं. उलट आता दोन राज्यांचं एचआर सांभाळायचं. कमी नियमांचा फायदा तुमची नवीन भरती टेक्सासात होत जाईल तसा हळूहळू मिळेल.

मोठ्या कंपन्या मग का जातात असं तुम्ही विचारलंय. खरं सांगायचं तर नुसत्या टॅक्ससाठी गेलेली मोठी कंपनी मला फारशी दिसली नाही. टोयोटाने २०१४ मध्ये टॉरन्सहून प्लेनोला जायचं जाहीर केलं, राज्याने ४ कोटी डॉलर दिले हे खरं, पण त्यांना तीन-चार ठिकाणी विखुरलेली ऑफिसं एका जागी आणायची होती आणि कारखाने केंटकी, सॅन अँटोनिओकडे होते. शेव्हरॉनने २०२४ मध्ये सॅन रमॉनहून ह्यूस्टन जाहीर केलं तेव्हा त्यांची जास्त माणसं आधीपासूनच ह्यूस्टनला होती. बोइंग २०२२ मध्ये शिकागोहून व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला गेली, तिथे कॉर्पोरेट टॅक्स ६ टक्के आहे पण समोर पेंटागॉन आहे. आणि ओरॅकल २०२० मध्ये ऑस्टिनला आली, चार वर्षांत लॅरी एलिसन म्हणाले की जागतिक हेडक्वार्टर नॅशव्हिलला नेणार, हेल्थकेअर तिथे आहे म्हणून. या सगळ्यांना घर स्वस्त मिळणं, माणसं मिळणं, विमानतळ, जमीन हे टॅक्सइतकंच किंवा जास्त महत्त्वाचं होतं. सरकारी पैशासाठी हलण्याचं टोक बघायचं तर कॅन्सस सिटी, तिथे कॅन्सस आणि मिसुरीची सीमा शहराच्या मधून जाते, वर्षानुवर्षं कंपन्या सवलतीसाठी काही मैलांवर इकडून तिकडे जात राहिल्या, शेवटी २०१९ मध्ये दोन्ही राज्यांनी तह केला. ॲपलबीज २०११ मध्ये तशीच कॅन्ससमधून मिसुरीत आली आणि २०१५ मध्ये चक्क कॅलिफोर्नियाला जायचं जाहीर केलं, कारण मूळ कंपनी ग्लेनडेलला होती. तुमच्यासारख्या २२ माणसांच्या कंपनीला असल्या सवलती मिळत नाहीत, त्या हिशोबात धरूच नका.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि तुमच्या प्रश्नात ज्याचा एका ओळीत उल्लेख आहे, ती ७ माणसं. एच-वन-बीचा माणूस फ्रीमाँटहून फ्रिस्कोला कामाला बसवायचा तर नवीन एलसीए (कामाची जागा आणि पगार सांगणारा कामगार खात्याकडचा अर्ज) आणि अमेंडेड पिटिशन (व्हिसाचा दुरुस्त अर्ज) आधी फाइल करावं लागतं, २०१५ च्या सिमियो निकालापासून यात शंकेला जागा नाही. फाइल झाल्यावर मंजुरीची वाट न बघता तो नवीन जागी काम सुरू करू शकतो, पण फाइल व्हायच्या आधी एक दिवसही नाही. जे बे एरियातच राहतील त्यांना नुसत्या पाटीमुळे काही लागत नाही, पण कंपनी म्हणजे एंटिटीच बदलली तर जुन्या एलसीएच्या जबाबदाऱ्या नवीन कंपनी घेते असं लेखी शपथेवर आधी फाइलला लावायला हवं.

ग्रीन कार्ड त्याहून नाजूक. पर्म, म्हणजे ग्रीन कार्डसाठी आधी लागणारी कामगार खात्याची मंजुरी, त्या-त्या भागातल्या नोकरीसाठी असतं. नोकरी डॅलसला गेली की बे एरियासाठी मंजूर झालेलं पर्म कामाचं राहत नाही, नव्याने जाहिराती, नव्याने अर्ज, नव्याने आय-१४०, म्हणजे कंपनीने त्या माणसासाठी करायचा ग्रीन कार्डचा अर्ज. ज्याचं आधीचं आय-१४० मंजूर आहे त्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, टिकते, ज्याचं आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, लागून १८० दिवस झालेत तो तसल्याच कामावर राहून सहसा निभावतो. पण ज्याचं पर्म अजून चालू आहे आणि एच-वन-बीचं सहावं, म्हणजे एरवी शेवटचं, वर्ष जवळ आलंय, त्याला पुन्हा सुरुवात करायला लावलं तर त्याच्यावर देश सोडायची पाळी येऊ शकते. इथे भारतीयांची रांग दहा-दहा वर्षांच्या वर आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही स्वतः त्या रांगेतून आलायत. वर्षाला १७-१९ हजार वाचवताना त्या माणसाच्या मुलांची शाळा आणि बायकोचं वर्क परमिट पणाला लागतंय का, हे आधी बघायला हवं.

म्हणून क्रम असा ठेवा. या महिन्यात इमिग्रेशन वकिलाकडून सातही जणांचा तक्ता करून घ्या, कोणाचं सहावं वर्ष कधी संपतं, कोणाचं पर्म कुठवर आलंय. ज्यांचं अधेमधे आहे त्यांना जिथे आहेत तिथेच राहू द्या, त्यांच्यासाठी फ्रीमाँटचं छोटं ऑफिस चालू ठेवा, भाड्याचे जे काही हजार जातील ते जाऊ देत. मग मागच्या दोन वर्षांची गिऱ्हाईकवार विक्री राज्यानुसार मांडा, वरचं गणित तुमच्या खऱ्या आकड्यांनी पुन्हा करा, कारण ६० च्या जागी ८० टक्के कॅलिफोर्निया निघालं तर सगळा हिशोबच बदलतो. मुलाची बारावी ज्या जूनमध्ये संपेल, त्याच उन्हाळ्यात सगळं कुटुंब एकदम हलवा, जाण्याआधीचं उत्पन्न कॅलिफोर्नियाचं आणि नंतरचं नॉन-रेसिडेंट म्हणून, असं पार्ट-इयर रिटर्न भरता येतं. तोवर फ्रिस्कोला ऑफिसचं लीज सही करू नका.